थिबाचा राजवाडा आणि सागवान

यवतमाळच्या माणसाला सागवान ओळखायला शिकवावं लागत नाही. वडील आरागिरणीत हिशेब लिहायचे. शाळा सुटली की मी भुशाच्या ढिगाशेजारी बसून त्यांची वाट बघायचो. पांढरकवड्याकडून आलेला ओंडका आऱ्याखाली गेला, की सुटणारा तेलकट वास आजही लगेच ओळखू येतो. म्हणूनच रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात सोबतची मंडळी दालनं बघत पुढे गेली आणि मी खिडक्यांपाशीच रेंगाळलो. अर्धगोल कमानी, त्यांवर बारीक नक्षी, लाकडाच्या रेषा अजून स्पष्ट. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा लाकडाकडेच जात होतं.

कारण ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत आला, तोच मुळी सागापायी. मुंबईतली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशात सागाची तोड करायची. तोडलेलं लाकूड कमी दाखवलं, असा ठपका ठेवून 1885 मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांशी वाढणारी थिबाची जवळीक इंग्रजांना खुपत होतीच. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात फौजा निघाल्या आणि महिना संपायच्या आत राज्य संपलं. राजाला आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. त्याआधी 1858 मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या बहादुरशहा जफरला रंगूनला पाठवलंच होतं. तिकडचा राजा इकडे, इकडचा बादशहा तिकडे. आपल्या माणसांपासून राजाला तोडायची ही रीत मला लढाईहून क्रूर वाटते.

टेकडीवरचा हा वाडा दिसायला देखणा आहे. जांभ्या दगडाचा लालसर रंग, उतरती छपरं, खाली भाट्याची खाडी. पोर्तुगालात सिंत्राच्या डोंगरावर राजा फर्नांडो दुसरा याने एकोणिसाव्या शतकात असाच एक देखणा पेना राजवाडा उभारला, तो मात्र स्वतःच्या हौसेने. त्या जागी जुना मठ होता, आणि राजवाड्याला नाव मिळालं ते तिथल्या मेरीमातेच्या देवळावरून. हौसेने बांधणाऱ्या राजाचं नाव तिथे लागलं नाही. इथे वाडा बांधला सरकारने, तोही कैद्याला ठेवायला. नाव लागलं कैद्याचं.

रत्नागिरीकरांचं मला याचंच कौतुक वाटतं. रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा पॅलेस’ म्हटलं की पुरतं. ज्या सरकारने राज्य हिरावलं, त्यातला एकही साहेब आज कुणाच्या तोंडी नाही.

वाडा 1910 मध्ये तयार झाला आणि डिसेंबर 1916 मध्ये थिबा वारला. त्याला इथे राहायला जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्याआधीची जवळपास पंचवीस वर्षं गावातल्या दुसऱ्या बंगल्यांत नजरकैदेत गेली. राणी सुपयालत 1919 मध्ये रंगूनला परतली. राजाचा देह मात्र रत्नागिरीतच राहिला. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले.

तुम्ही रत्नागिरीला गेलात तर राजवाडा आणि खाडीवरचा सूर्यास्त बघून परत फिरू नका. गावातच शिवाजीनगरात थिबाची कबर आहे. तिथेही जा.