जुनी नौका, नवे इंजिन

लोणावळ्याच्या धर्मग्रामात आमची नेमणूक झाल्याचे कळले, तेव्हा वसईकडील आमच्या एका वृद्ध मावशीने मोठ्या काळजीने विचारले होते, "अरे, तिथे ताजी मासळी तरी मिळते का?" समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवरच्या या घाटमाथ्यावर समुद्राशी असलेला आमचा उरलासुरला संबंधही संपणार, असे त्या वेळी आम्हालाही वाटले होते. कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाला हे थोडे जड जाते. सेमिनरीच्या वर्षांत पुण्यात राहिलो, तेव्हाही सुट्टी लागताच पहिली धाव किनाऱ्याकडेच असे.

परंतु येथे आल्यावर निराळेच दृश्य दिसले. भुशी धरणाकडे जाणारा रस्ता पावसाळी सहलीला येणाऱ्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले हे धरण आज भिजण्यासाठी प्रसिद्ध आहे. तोच रस्ता पुढे आय. एन. एस. शिवाजी या नौदलाच्या संस्थेवरून जातो. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असतानाच, तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीने ही संस्था येथे सुरू केली. नौदलाच्या जहाजांची इंजिने चालविणारे आणि दुरुस्त करणारे अधिकारी व नौसैनिक तेव्हापासून या डोंगरावर घडत आले आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींनी येथे येऊन संस्थेला राष्ट्रपती निशाण बहाल केले. सभोवती सह्याद्रीचे कडे, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्या धुक्यात बसून तरुण मुले खाऱ्या पाण्यातल्या यंत्रांचा अभ्यास करतात, याचे नवल आम्हाला अजून वाटते.

या संस्थेत शिकलेले व पुढे काही वर्षे तेथेच शिकविलेले एक निवृत्त आर्टिफिसर आमच्या धर्मग्रामात राहतात. मूळचे केरळचे, मराठी मात्र चोख. आपले नाव छापलेले त्यांना रुचणार नाही, म्हणून येथे त्यांना केवळ 'गुरुजी' म्हणू. जे सांगायचे आहे, ते त्यांच्याविषयी थोडे आणि आमच्या घरच्या नौकेविषयी अधिक आहे.

ती नौका आमच्या वडिलांनी १९८४ साली बांधून घेतली. लांबी बेचाळीस फूट, लाकूड सागाचे. मिस्त्रीजवळ कागदावरचा आराखडा नव्हता. जो काही होता तो त्याच्या डोळ्यात होता. आम्ही त्या वेळी चौदा वर्षांचे. फळ्यांच्या सांध्यांत ठासायचा कापूस तेलात भिजवून मिस्त्रीच्या हाती देणे, एवढेच आमचे काम; पण नौका आपणच बांधली असा आमचा समज बरीच वर्षे टिकून होता. इंजिन दोन सिलिंडरचे बसविले. ते सुरू झाले की त्याचा ठेका सबंध कोळीवाड्याला ओळखू येई आणि आई चुलीवर आधण ठेवी.

वडिलांची देखभालीची रीत ठरलेली होती. पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारायची. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, एकेक फळी ठोकून पाहायची, सैल सांध्यात पुन्हा कापूस ठासायचा. वरचा भाग ते नेहमी समुद्राच्याच पाण्याने धूत. विहीर दूर म्हणून हा कंटाळा असावा, असे आम्हाला लहानपणी वाटे. लाकूड कुजविणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते व मीठ तिला मारक ठरते, हे आम्हाला फार उशिरा, गुरुजींकडून कळले. जुन्या काळी पाश्चात्त्य जहाजबांधणीत फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवीत, असेही त्यांनी सांगितले. लाकडी नौकेचा मोठा शत्रू वरून पडणारा पाऊस असतो. खालून येणारे खारे पाणी आपल्याबरोबर लाकूड पोखरणारा टेरेडो आणते खरे, पण कुजण्यापासून तेच राखते.

वडील २००३ साली देवाघरी गेले. नौका धाकट्या भावाकडे आली. किनाऱ्याजवळची मासळी कमी होत चालली होती. शेजारच्या नौका लांब जाऊ लागल्या होत्या आणि आमची मागे पडत होती. २००६ साली त्याने सहा सिलिंडरचे, शंभर अश्वशक्तीहून मोठे इंजिन बसविण्याचा विचार केला व आमचा सल्ला विचारला. त्याच्या मनात शंका होती, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. वडिलांच्या वेळचा मिस्त्री "नौकेला झेपणार नाही" असे म्हणाला होता. आम्ही मात्र त्याला प्रगतीवर एक छोटेखानी प्रवचनच दिले, आमच्याजवळची शिल्लक त्याच्या हाती ठेवली आणि इंजिन बसल्यावर त्यावर पवित्र पाणीही शिंपडले. इंजिनाच्या बाबतीत आमचे ज्ञान तेव्हा शून्य होते. धर्मगुरूचा शब्द घरात मोडला जात नाही. तो कोणत्याही विषयावर का असेना.

वाढलेला वेग कितीसा होता? सात नॉटची नौका जेमतेम साडेआठवर गेली आणि डिझेल दुपटीहून अधिक जाऊ लागले. याचे कारण गुरुजींनी पुढे आम्हाला चहाच्या टेबलावर बोटाने पाणी ओढून समजावले. पाणी कापत चालणारी जड नौका स्वतःच लाट निर्माण करते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि लाटेची लांबी नौकेच्या पाण्यातील लांबीएवढी झाली की नौका आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. आमच्या नौकेची ती लांबी छत्तीस फूट; म्हणजे मर्यादा आठ नॉटच्या आसपास, ताशी सुमारे पंधरा किलोमीटर. त्यापलीकडे इंजिन कितीही मोठे बसवा, त्याची शक्ती लाट उंच करण्यात आणि नौका हादरविण्यात खर्ची पडते. आठवीच्या मुलाला करता येईल असे हे गणित. २००६ साली आम्हाला ते कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

हादरे तीन वर्षे साचत राहिले. फळ्या फासळ्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे आतून गंजून बारीक झाले होते. नव्या इंजिनाच्या वजनाने मागचा भाग पूर्वीपेक्षा खोल बसत होता. २००९ च्या नोव्हेंबरातील एका रात्री, किनारा चार तासांवर असताना, शाफ्टजवळची एक फळी सुटली. आमचा भाऊ व चार खलाशी पहाटेपर्यंत पाणी उपसत राहिले. पंप बंद पडल्यावर बादल्यांनी उपसले. फटीत गोधडी कोंबून, तिच्यावर फळकूट दाबून भाऊ अंगाच्या भाराने ते धरून बसला होता. घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे चेचलेली होती. ती आजही पूर्ण मिटत नाहीत. आम्हाला दूषण देणारा एक शब्दही त्याने तेव्हा उच्चारला नाही आणि नंतरही नाही. त्या वर्षी नौकांना आशीर्वाद देण्यासाठी बोलावणे आले तेव्हा आम्ही काहीतरी सबब सांगून गेलो नाही.

दुरुस्ती झाली. इंजिन तेच राहिले, कारण कर्ज फिटायचे होते. भाऊ ते कमी फेऱ्यांवर चालवू लागला.

असो. २०२४ च्या दिवाळीत भावाचा मुलगा आमच्याकडे लोणावळ्यास आला. मुलगा हुशार, यंत्राचा नाद असलेला. त्याने सोबत एक रंगीत चित्र आणले होते. आजोबांची नौका, पण वर काचेची केबिन, तिच्यावर गच्ची, आत वातानुकूलन, खुर्च्या आणि तळाला फायबरचे नवे आवरण. मासेमारी परवडत नाही, तेव्हा पर्यटकांना खाडीत फिरवायचे, ही त्याची योजना. केबिनसाठी एका कारखान्यात आगाऊ रक्कमही भरून झाली होती (ती आजतागायत परत मिळालेली नाही). "फादरकाका, पप्पा तुमचं ऐकतील. तुम्ही एकदा सांगा ना," असे तो म्हणाला, आणि आमच्या पोटात गोळा आला. अठरा वर्षांनी तोच प्रश्न दारात येऊन उभा होता.

या वेळी आम्ही प्रवचन दिले नाही. त्याला गुरुजींकडे नेले. त्यांनी चित्राची स्तुती केली आणि मग एवढेच विचारले, "गच्चीवर बारा माणसं एका बाजूला डॉल्फिन बघायला धावली, तर नौका किती अंश कलेल, हे काढलंय का?" मुलाने काढले नव्हते. वजन जसजसे वर चढवावे तसतशी कललेल्या नौकेची परत सरळ होण्याची ताकद घटते. मासेमारी नौकेचे जाळे, बर्फ, मासळी हे सारे वजन खाली असते व तिची घडण त्याच हिशोबाची असते. शिवाय मासेमारीसाठी नोंदलेल्या नौकेत भाड्याने प्रवासी बसविता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे स्वतंत्र नोंदणी आणि तपासणी लागते. फायबरच्या आवरणाबद्दल गुरुजींचे मत अधिकच कडक होते. जुन्या लाकडावर ते चढविले की आतला ओलावा आतच कोंडतो. बाहेरून नौका नवी दिसते आणि आतून कुजत जाते.

मुलगा नाराज होऊन परतला. त्यानंतर १८ डिसेंबर २०२४ रोजी, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्या रविवारी गुरुजी मिस्सानंतर नेहमीसारखे थांबले नाहीत. पुतण्याचा मात्र रात्री फोन आला. "गुरुजींना आमची नौका बघायला आणाल का?"

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि सर्व नौका वर ओढलेल्या असतात. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघे निघालो. कल्याणला गाडी बदलली, पुढे दिव्याहून वसईची गाडी पकडली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी शाकारलेल्या नौकेखाली गुडघ्यांवर रांगत दोन दिवस काढले. हातोडीच्या दांड्याने ठोकायचे आणि कान लावायचे. निरोगी लाकूड टणटणते, कुजलेले भद्द वाजते. आमचा भाऊ सुरुवातीला दूर उभा होता. दुसऱ्या दिवशी तो न बोलता त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि चेचलेल्या बोटांच्या हाताने वडिलांसारखाच ठोकू लागला. दोघांचे निदान बहुतेक ठिकाणी एकच निघत होते. एकोणीस फळ्यांवर खडूच्या फुल्या पडल्या.

पंख्याजवळचे जस्ताचे तुकडे झिजून नाममात्र उरले होते. खाऱ्या पाण्यात पितळी पंखा व पोलादी शाफ्ट एकत्र आले की विद्युत्-रासायनिक क्रियेने एक धातू दुसऱ्याला खातो. तेथे जस्त लावले की आधी जस्त झिजते व बाकीचे वाचते. ही युक्ती सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी शोधली. गंमत अशी, की पत्रे वाचले, पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषाने जे शिंपले दूर राहत होते ते आता निश्चिंतपणे जहाजाला चिकटू लागले आणि नौदलाला ती योजना गुंडाळावी लागली. गुरुजी ही गोष्ट सांगून मनापासून हसले. पुतण्याला ती फार आवडली.

शेवटी ठरले ते असे. केबिन रद्द. सहा सिलिंडरचे इंजिन विकून त्याजागी चार सिलिंडरचे, निम्म्या शक्तीचे. फुल्यांच्या फळ्या बदलायच्या, खिळे नवे. वाचलेल्या पैशांतून तळात पाणी चढताच वाजणारी घंटा, दुसरा स्वतंत्र पंप, सर्वांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटे आणि लाकडी पाचरींची एक पेटी. पाचरींना पुतण्या हसला. पाण्याखाली एक मीटर खोलीवर दोन इंच व्यासाचे भोक पडले तर मिनिटाला तीनशे लिटरच्या आसपास पाणी आत येते, हा हिशोब गुरुजींनी त्याच्याकडूनच करवून घेतला. मग त्याने पाचरी स्वतःच तासल्या. आय. एन. एस. शिवाजीत आग विझविण्याचे आणि जहाजात शिरणारे पाणी अडविण्याचेही शिक्षण देतात. तेथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाचरी ठोकायला शिकविणाऱ्यांपैकी गुरुजी एक होते, हे आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळले.

ऑगस्टमध्ये नौका पाण्यात गेली. इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत, हे जमिनीवर पाहून भागत नाही. लाकडी नौका पाण्यात तरंगू लागली की फुगते आणि तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून दोन दिवस तिला नुसतीच तरंगत ठेवून मगच शाफ्ट जोडावा, अशी गुरुजींची सक्त ताकीद होती. पहिल्या दिवशी सांधे गळले, दुसऱ्या दिवशी लाकूड फुगून बंद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. पुतण्याचा नव्हे, भावाचा. मागे इंजिनाचा आवाज येत होता. गुरुजी त्या वेळी आमच्याच ओसरीवर बसले होते.

"शाफ्टच्या ग्लँडमधून पाणी गळतंय," भाऊ म्हणाला. "आवळू का?"

आम्ही उत्तर न देता फोन गुरुजींच्या हाती दिला.

"मिनिटाला किती थेंब?" त्यांनी विचारले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. भाऊ मोजत होता.

"पाच."

"मग हात लावू नका. तेवढं गळायलाच हवं."