चेंडू, भोवरा आणि कविता

दोस्तांनो, आज आपण रशियाच्या पश्चिमेला जाऊ या. वेलिकिये लुकी शहराजवळच्या पोलिबिनो गावात एक जुना वाडा आहे. आता तिथं संग्रहालय आहे. १८५८ साली आठ वर्षांची सोफिया आईवडिलांबरोबर या वाड्यात राहायला आली.

भिंतींना रंगीत कागद लावायचं काम निघालं आणि नेमका मुलांच्या खोलीपुरता कागद कमी पडला! पुन्हा पीटर्सबर्गहून कोण मागवणार? मग वडिलांच्या तरुणपणीचे कागद भिंतीला डकवले. ती होती ऑस्त्रोग्राद्स्की या गणितज्ञाची कलनशास्त्रावरची व्याख्यानं. सोफिया तासन्‌तास भिंतीपुढं उभी राही. कुठल्या पानानंतर कुठलं पान, एवढंच शोधायची. अर्थ? काही कळत नसे. पण पुढं हा विषय शिकताना सूत्रं तिला अशी ओळखीची वाटली, की गुरुजी थक्कच झाले.

तिला स्वतःला मात्र व्हायचं होतं कवयित्री! घरी शिकवणाऱ्या इंग्रज बाईंना ते मुळीच खपत नसे. कवितेचा कागद हाती लागला, की त्या तो सोफियाच्या खांद्याला टाचत आणि भावंडांसमोर वेडावून दाखवत. मग पोरीनं काय केलं? लिहिणंच बंद. चेंडू आपटत-झेलत ती मनातल्या मनात ओळी रचू लागली. तो चेंडूच तिची वही!

रशियातल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. परदेशी जाण्यासाठी तिनं नावापुरतं लग्न केलं. बर्लिनलाही दार बंदच. तिथं वायरश्ट्रास या थोर गणितज्ञानं तिला चार वर्षं खाजगी शिकवलं. १८७४ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली, पण विद्यापीठातली नोकरी मिळायला आणखी नऊ-दहा वर्षं गेली. ती दिली स्वीडनच्या स्टॉकहोमनं. १८८९ मध्ये सोफिया कोव्हालेव्हस्काया तिथं कायमची प्राध्यापक झाली. त्याआधी १८८८ साली पॅरिसच्या अकादमीनं तिच्या निबंधाला बक्षीस दिलं. ठरले होते ३,००० फ्रँक, दिले ५,०००! विषय होता, एका बिंदूवर टेकून फिरणाऱ्या वस्तूची गती. म्हणजे आपला भोवराच की! त्यातल्या एका खास प्रकारच्या भोवऱ्याला आजही तिचंच नाव आहे.

आणि कविता? ती सुटली नाहीच. कवीचं मन असल्याशिवाय गणितज्ञ होता येत नाही, असं ती म्हणे. 'लीलावती'तली गणितं श्लोकांत वाचणाऱ्या आपल्याला ते नवल वाटू नये.

१८९१ मध्ये, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, न्यूमोनियानं ती गेली. स्टॉकहोमच्या उत्तरेला सोल्ना इथल्या दफनभूमीत तिची समाधी आहे. तिच्यावर चार ओळी सुचताहेत? वही नको, चेंडू घ्या!