बघायचे किती?

गेल्या मे महिन्यात आमच्या शेवगावच्या घरातला फ्रिज बिघडला. आतला दिवा लागायचा, पण गार काहीच होत नव्हतं. दूध नासलं, कोथिंबीर मान टाकून पडली, त्याचं एवढं काही नाही. पण दाराच्या कप्प्यात आजीच्या इन्सुलिनच्या तीन न उघडलेल्या बाटल्या होत्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर होता.

आईने मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडकं बसवलं, त्यात बाटल्यांचा डबा आणि वर ओलं फडकं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय फारसा चालला नसता. पण मडकं कितीही चांगलं असलं तरी पंचविशीच्या आसपास थांबतं, आठपर्यंत जात नाही. म्हणजे आमच्या हातात थोडेच दिवस होते.

फ्रिजवाला आला. कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला, पाचेक मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, काकू. नवा टाकून गॅस भरायचा म्हणजे साडेपाच हजार होतील. चौदा वर्षांच्या फ्रिजला कशाला घालता? नवाच घ्या."

आईने विचारलं, "बघायचे किती झाले?"

तो हसला. "बघायचे काय घ्यायचे?"

मी तेव्हा घरून काम करत होते आणि माझं टेबल स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे. दिवसभर एकच आवाज कानावर पडायचा. टक्. मग आठ-दहा सेकंद जड घरघर. पुन्हा टक्. मग तीन-चार मिनिटं शांतता. आमच्या कामात सर्व्हर उठतो, पडतो, पुन्हा उठतो, तेव्हा आधी त्याचा लॉग वाचतात. हा आवाज म्हणजे मला लॉगच वाटला. मोटरचं मुख्य वायंडिंग तुटलेलं असतं तर अशी घरघर झालीच नसती. घरघर होते म्हणजे करंट जातोय, पण मोटर फिरत नाहीये. एकतर ती आतून जाम असेल, नाहीतर तिला उठवणारं जे काही असतं ते गेलं असेल. मोटर मेलेली असणं आणि तिला उठता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिंगल फेजची मोटर आपली आपण सुरू होत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. पण त्याचा अर्थ मला तात्यांच्या बोअरवर लागला. तात्या माझे चुलते. त्यांच्या सबमर्सिबल मोटरीच्या पॅनेलवर हिरवं बटण आहे. "हे दाबून धरायचं. मोटरीने सूर पकडला की सोडायचं. लवकर सोडलं तर नुसती गुरगुरते, धरूनच ठेवलं तर कंडेन्सर फुटतो." कपॅसिटरला आमच्याकडे कंडेन्सरच म्हणतात. बटण दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या वायंडिंगला जादा करंट मिळतो आणि मोटर ढकलली जाते. बोट उचललं की ती मदत बंद.

"मग फ्रिजमध्ये बोट कुणाचं?" तात्यांनी विचारलं.

फ्रिजमधलं बोट म्हणजे रिले. आमच्या फ्रिजसारख्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो पीटीसी प्रकारचा असतो. त्याच्या आत नाण्याएवढी सिरॅमिकची चकती असते, बेरियम टायटनेटची. गार असताना तिचा रोध वीस-तीस ओहम, त्यामुळे सुरुवातीचा करंट सहज जातो. त्या करंटनेच ती क्षणात तापते, साधारण १२० अंशांच्या पुढे रोध हजारपटीने वाढतो आणि वाट जवळपास बंद होते. तात्यांचं बोट जे करतं तेच ही चकती स्वतः तापून करते. मात्र मोटर चालू असेपर्यंत ती तापलेलीच राहते आणि पुन्हा गार व्हायला तिला काही मिनिटं लागतात.

इथे आमची लाइट मधे येते. ती जाते, दहा सेकंदांत येते, पुन्हा जाते. चकती अजून गरम, कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाबही उतरलेला नाही, अशात मोटर उठायचा प्रयत्न करते. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मग शेजारचा ओव्हरलोड तापून तिला तोडतो. तेच ते दुसरं टक्. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा आणखी कठीण, कारण मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर जोर जवळपास निम्म्यावर येतो. अशी चौदा वर्षं काढल्यावर चकती तडकली तर नवल नाही.

रविवारी प्लग काढून फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे खाली काळ्या भोपळ्यासारखा कॉम्प्रेसर आणि त्याच्या बाजूला प्लास्टिकचं झाकण. झाकणाखाली रिले आणि ओव्हरलोड. दोन्ही ओढून निघतात, गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही. रिले कानाशी नेऊन हलवला. आत खुळखुळ्यासारखा आवाज. चकतीचे तुकडे झाले होते.

तरी कॉम्प्रेसर तपासायला हवाच होता. त्याच्या तीन पिनांवर मल्टिमीटर लावला. कॉमन ते रन १६ ओहम, कॉमन ते स्टार्ट २४, रन ते स्टार्ट ४०. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याएवढी, म्हणजे दोन्ही वायंडिंग शाबूत. पिन आणि बॉडी यांच्यात काहीच जोड नाही, म्हणजे शॉर्टही नाही.

दुकानदाराने जुन्या रिलेवरचे आकडे वाचून तसाच नवा दिला. ओव्हरलोडसकट १८० रुपये. घरी येऊन बसवला, झाकण लावलं, मग प्लग. एक हलका झटका आणि त्यामागून बारीक, सलग घूंऽऽ.

"लागला का गं?" आजीने खाटेवरून विचारलं.

रात्री थर्मामीटर ५ अंश दाखवायला लागला, तेव्हा आईने डबा मडक्यातून काढून आत ठेवला. मेडिकलवाल्याला विचारून त्याच बाटल्या आधी वापरायचं ठरलं.

ऑफिसात हे सांगितल्यावर सगळ्यांचं एकच मत पडलं: बघ, लुटत होता तुम्हाला. मला तसं वाटत नाही. त्याने फ्रिज ओढून, झाकण काढून, मीटर लावून अर्धा तास घालवला असता आणि १८० रुपयांचा तुकडा बदलून पाचशे मागितले असते, तर आम्हीच म्हटलं असतं, एवढ्याशा तुकड्याचे पाचशे? कॉम्प्रेसर डोळ्यांना दिसतो, हाताला जड लागतो, त्याचं बिल लोकांना पटतं. अर्धा तास डोकं लावल्याचं बिल पटत नाही.

त्याच महिन्यात मी एक बग दोन दिवस शोधत होते. शेवटी बदलली फक्त एक ओळ. दोन दिवसांचा पगार कुणी कापला नाही, उलट मीटिंगमध्ये कौतुक झालं. काम तेच आहे. मला शोधायचे पैसे मिळतात, त्याला फक्त बदलायचे. ज्याला बघायचे पैसे मागता येत नाहीत, तो बदलायलाच सांगणार.

दिवाळीत वॉशिंग मशीन फिरेना, तेव्हा आईने त्यालाच बोलावलं. मी त्याला तो तुटका रिले दाखवला. त्याने तो हलवून पाहिला आणि म्हणाला, "हं. असं निघतं कधी कधी."

आईने दोनशे रुपये त्याच्या हातात दिले. "हे बघायचे. आता नीट बघ आणि काय ते सांग. दुरुस्तीचं मग ठरवू."

तो जरा अवघडला. पैसे खिशात घालून खाली बसला, मशीन पुढे ओढलं आणि मागचे स्क्रू काढायला लागला. चाळीस मिनिटांनी हात पुसत उठला.

"बेल्ट उतरला होता, काकू. बसवलाय. नवा काही लागत नाही."