खाडीकांठची सहल

शाळेची सहल म्हटली कीं रायगड किंवा वेरूळ, असा आपल्याकडील परिपाठ. त्यामुळें भिवंडीच्या मुलांस भिवंडीचीच खाडी दाखवावयास न्यावयाची, हें ऐकून पुष्कळ पालकांनीं नाकें मुरडलीं. "त्या घाणींत काय पाहावयाचें?" असें एकानें स्पष्टच विचारलें. प्रश्न गैरवाजवी नव्हता. यंत्रमागांच्या या शहरांतील कामवारी नदी रंगाचें आणि गटारांचें पाणी पोटांत घेऊन खाडीस मिळते. मी पालक या नात्यानें बरोबर गेलों तेव्हां ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता, आणि तिवरांच्या मुळांस प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. मुलांनीं रुमाल नाकास लावले.

शिक्षकांनीं प्रथम इतिहास काढला. १६५७ च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी काबीज केली आणि पुढें याच खाडीच्या आसऱ्यानें मराठी आरमाराचीं पहिलीं जहाजें बांधावयास घेतलीं. मागें सागाचें रान, पुढें भरतीचें पाणी. जागा मोठी हेरून घेतलेली. मात्र समुद्राची वाट पोर्तुगीजांच्या वसईवरून! आणि जहाजबांधणीचे जाणते मिळाले तेही पोर्तुगीजच: रुय लेतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा. हीं जहाजें उद्यां आपल्यावरच चालून येतील हें ध्यानीं येतांच वसईच्या अधिकाऱ्यांनीं बापलेकांस वळवून परत नेलें. आरमार कांहीं त्यामुळें थांबलें नाहीं.

मुलांस ही कथा ठाऊक होती. पण ती दूर कोठेंतरी घडली, असाच त्यांचा समज. एक मुलगी बराच वेळ काळ्या पाण्याकडे पाहून म्हणाली, "सर, ह्याच पाण्यांत?" सरांनीं नुसती मान हालविली.

मग तिवरें. चिखलांतून बोटांसारखे वर आलेले कोंब हीं झाडाचीं मुळें, आणि तीं हवेंतून श्वास घेतात, हें ऐकतांच रुमाल खालीं आले. पानें मीठ बाहेर टाकतात असें कळल्यावर दोघांतिघांनीं पान चाटूनही पाहिलें. (त्या पाण्याकांठीं मला तें मुळींच रुचलें नाहीं, पण ऐकतो कोण?) मासळीचीं आणि खेंकड्यांचीं पिलें ह्याच मुळांच्या आडोशास वाढतात, तिवर तुटलें कीं कोळ्याचें जाळें रितें.

भरती चढूं लागली तशा पिशव्या तरंगत आंत येऊं लागल्या. मुलांनीं, कोणी न सांगतां, हातीं लागतील तेवढ्या ओढून काढल्या. दोन पोतीं भरलीं. तीं टाकावयाचीं कोठें, ह्यावर मात्र आम्हां मोठ्या माणसांचें शेवटपर्यंत एकमत होईना.