आधी हव्या त्या भाषेत

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या कॉलेजात बी.ए.ला मी अर्थशास्त्र शिकवते. सदरची मुलं आपसांत हिंदी-उर्दू बोलतात. सिरोंच्याच्या मुलीच्या घरी तेलुगू, भामरागडच्या मुलाच्या घरी माडिया, मेळघाटातून आलेल्याच्या घरी कोरकू. नागपूर १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषिक राज्याची राजधानी होतं, आणि आजही पेपर या दोन्ही भाषांत लिहिता येतो. माडिया, कोरकूच्या वाट्याला ती सोय आली नाही. शेजारच्या सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेलं गोंडी साहित्य १८६६ मध्ये छापलं गेलं. तरी गोंडी बोलणाऱ्या मुलाला उत्तर परक्याच भाषेत लिहावं लागतं.

म्हणून विषय कुठे अडला आणि भाषा कुठे अडली, हे मी वेगवेगळं पाहते. प्रश्न विचारला की लगेच हात वर करायला सांगत नाही. आधी शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोलून घ्या, म्हणते. ते सगळं मला कळत नाही. कळायची गरजही नसते. मग वहीत मोडक्यातोडक्या मराठीत किंवा हिंदीत दोन ओळी. मुद्दा समजला असेल तर त्या दोन ओळींत दिसतोच. पेपरची भाषा त्यानंतर येते, पण ती शिकवायचीच. तिच्याशिवाय मुलाला पुढे ढकलणं हा अन्यायच.

एकाच खरेदीदाराचा बाजार शिकवायला मी तेंदूपत्ता घेते. सत्तर पानांचं पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. भाव ठरवणारा एकच ठेकेदार असला तर काय होतं आणि चार बोली लागल्या तर काय, हे उन्हाळ्यात पानं तोडलेल्या मुलांना ठाऊक असतं. त्या तासाला प्रश्न शहरातली मुलं विचारतात. पण पानं तोडलेल्या एखाद्याला उभं करून ‘तुमच्याकडे कसं असतं, सांग’ असं मी म्हणत नाही. तो अर्थशास्त्र शिकायला आलाय. साऱ्या जमातीच्या वतीने बोलण्याचं ओझं त्याच्यावर का टाकायचं? बोलायचं की नाही, ते त्याने ठरवावं.

प्राध्यापक मित्रांनो, नवं सत्र सुरू झालं की प्रत्येकाकडून घरची भाषा चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि अंतर्गत गुणांतले थोडे तोंडी उत्तराला द्या. ते गुण आपल्याच हातात असतात.