चोपणातला शुगरबीट

इंदापूर तालुक्यात कळसला 2007 च्या सुमारास शुगरबीटपासून इथेनॉल काढायचा प्रकल्प आला. बियाणे सिंजेंटा कंपनीचे. ऊस वर्षभर रान अडवतो, बीट पाच-सहा महिन्यांत निघते, पाणीही कमी घेते. शिवाय नीरा डाव्या कालव्याखाली पाणी पाजून पाजून चोपण, म्हणजे क्षारपड, झालेली बारामती-इंदापूरची राने आहेतच. ऊस जिथे पिवळा पडतो तिथे बीट तग धरते. मूळ समुद्रकाठचे, मिठाचे त्याला वावडे नाही.

*

वावडे नाही म्हणजे ते मीठ पोटात घेते. साखरवाल्याला कंदातले तीन जिन्नस नकोत : सोडियम, पोटॅशियम आणि अमिनो नायट्रोजन. रस चुन्याने निवळला तरी हे हटत नाहीत. मळीत जातात आणि साखरेलाही सोबत नेतात. मळीची शुद्धता 60 टक्के धरली, तर किलोभर बिगरसाखर दीड किलो साखर अडकवते.

*

ब्रिक्समापकावर भरवसा नको. कंद किसला, रसाचा थेंब काचेवर सोडला, उजेडाकडे धरला. निळ्या-पांढऱ्याची सीमा 20 वर दिसली की बघणारा खूश. पण ती सीमा रसात विरघळलेले सगळेच मोजते, मीठसुद्धा. चोपणातल्या कंदाचा पोल, म्हणजे नुसत्या साखरेचा टक्का, काढल्याखेरीज बोलू नये.

*

युरिया. उशिरा दिलेला सर्वांत वाईट. पान काळेभोर दिसले की आपल्याकडे समाधान वाटते. बीटचे उलट : काढणीच्या आधी नत्र संपत यावे, पाला फिकटावा, तेव्हा साखर कंदात साठते. शेवटी खत पडले की नवी पाने फुटतात, त्यांचा खर्च साठवलेल्या साखरेतून जातो आणि अमिनो नायट्रोजन चढते ते वेगळेच. टनेज मात्र भरते, म्हणून नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

*

विरळ लावणीत कंद दणदणीत होतात, पण गोडी पातळ आणि अशुद्धी जास्त. दाट रोपांचे आटोपशीर कंद बरे. काढताना पानांखालचा माथा नीट छाटावा, क्षार आणि नत्र तिथेच जास्त.

काढणीआधी पाणी तोडले की साखरेचा टक्का वाढतो. त्यातला काही भाग नुसता कंद सुकल्याचा असतो, हे सांगणारे कमी भेटतात.

*

इथेनॉलवाल्याला एवढे सोवळे नाही. त्याला साखरेचे दाणे पाडायचे नसतात, आणि यीस्टला थोडे नत्र हवेच असते. चोपणातले बीट साखरेपेक्षा इथेनॉलला देणे शहाणपणाचे.

*

युरोपात बीटचे नमुने काढून साखरेच्या टक्क्यावर पैसे देतात. आपल्याकडे उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) कारखान्याच्या सरासरी साखर-उताऱ्यावर : 2024-25 ला 10.25 टक्क्यांना क्विंटलमागे 340 रुपये, वरच्या दर 0.1 टक्क्याला 3.32. ज्याने हात राखून युरिया टाकला आणि ज्याने पोती ओतली, दोघांना एकच दर. मग शेतकरी टनेजच धरणार, त्याचे काय चुकले? बीट लावा म्हणायचे असेल तर आधी काट्याशेजारी नमुना काढायची आणि पोल मोजायची सोय करा. बियाण्याचे नंतर बघू.