पोटात काय आहे, ते खरे सांगा

आमचे निम्मे समाजकार्य हल्ली इस्पितळाच्या व्हरांड्यातच होते. कुणाचा केसपेपर काढ, कुणासाठी रक्ताची सोय कर. तिथे ऑपरेशनच्या दिवशी पेशंटच्या कॉटला 'एन.बी.एम.'ची पाटी लटकते. म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. पण हे आमच्या माणसांना सांगणार कोण?

मागे वस्तीतल्या एका मावशींना सुनेने सकाळीच चहा-चपाती आणून दिली. रिकाम्या पोटी कापाकापी कशी सोसेल, ही तिची माया. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "काही नाही खाल्लं." खरे सांगावे तर ऑपरेशन पुढे जाणार, लेकाचा आणखी खाडा होणार, वर ओरडा बसणार. आम्ही डबा पाहिला होता. सरळ भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितले. ऑपरेशन दोन दिवस लांबले आणि सून आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

जागेपणी घास चुकला तर ठसका लागतो. तो शरीराचा पहारेकरी. पूर्ण भूल दिली की तोही झोपतो. मग पोटातले अन्न, आंबट पाणी वर येऊन श्वासनलिकेत उतरते नि फुफ्फुस आतून भाजते. १९४६ साली डॉ. मेंडेल्सन यांनी न्यूयॉर्कच्या ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यात ६६ बायांना असे झाले होते.

साधारण नियम असा : मटण, तेलकट जेवण ८ तास आधी, हलका नाश्ता किंवा वरचे दूध ६ तास, तान्ह्याला अंगावरचे दूध ४ तास, साधे पाणी २ तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. लेकरांना रात्रभर पाण्यावाचून कोरडे ठेवणेही आम्हाला पटत नाही. डॉक्टरांना वेळ विचारून घ्यावी.

एक काका आम्हाला म्हणाले, "आपण बौद्ध, उपवास १९५६ लाच सोडले!" काका, हा उपवास देवाचा नव्हे, फुफ्फुसाचा आहे.

काहींचे पोट मात्र तास भरूनही रिकामे होत नाही. दिवस गेलेली बाई, जुनी साखर, आतड्यात अडथळा, अपघातातला जखमी. छातीत जळजळ, आंबट ढेकर असतील तर तेही सांगावे. साखरेसाठी वा वजनासाठी आठवड्याला घ्यायची सेमाग्लुटाईडसारखी नवी इंजेक्शनेही पोट सावकाश रिकामे करतात. हे आधी कळले तर डॉक्टर भुलीची पद्धत बदलतात. प्रश्न इंग्रजीत आला तर मान डोलावू नका; मराठीत विचारा म्हणावे. तो आपला हक्क आहे.

कुणाचे ऑपरेशन ठरले असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात आम्हाला भेटावे. येताना केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे आणावीत.